खांबाची उलटी प्रदक्षिणा

तीन आठवडे मी चुकीच्या पायाचा व्यायाम केला.

हे वाक्य स्वतः लिहायची संधी मला इतक्या वर्षांनी मिळते आहे, कारण आमच्या घरात ते आजवर नेहमी दुसऱ्या कुणीतरी उच्चारलं आहे. पाहुणे आले की चहाबरोबर चिवडा येतो आणि चिवड्याबरोबर ही गोष्ट. मी आपला बशीतले शेंगदाणे वेचत बसतो.

दुखावला होता डावा गुडघा. दीड महिना पट्ट्यात बांधून ठेवलेला पाय मोकळा झाला तेव्हा मांडी निम्मी उरली होती. फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक तरुण मुलगी होती, कर्वेनगरातच तिचं दोन खोल्यांचं क्लिनिक. तिने मला एक झेरॉक्सचा कागद दिला. त्यावर एक बिनचेहऱ्याचा माणूस आपल्याकडे तोंड करून खुर्चीवर बसला होता. त्याचा एक पाय काळा रंगवलेला आणि त्या पायावर वर जाणारा बाण. मी तो कागद समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. एक किलो मिठाची पिशवी रुमालाने घोट्याला बांधली आणि चित्रात ज्या बाजूला काळा पाय होता त्या बाजूचा पाय उचलायला सुरुवात केली. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. समोरच्या माणसाचा डावा तो आपला उजवा, हे लहान मुलालाही कळतं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

तीन आठवड्यांनी तिने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग विचारलं, घरी व्यायाम करता ना. मी म्हणालो, एक दिवस चुकवलेला नाही. दुखतं का करताना? अजिबात नाही, असं मी छाती काढून सांगितलं. ती म्हणाली, करून दाखवा. मी खुर्चीवर बसलो आणि पाय झोकात वर नेला.

तिने हातातल्या पेनाला टोपण लावलं. "काका," ती म्हणाली, "हा तुमचा चांगला पाय आहे."

बायको शेजारीच एक्स-रेची पिशवी धरून बसली होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चूक सापडल्यावर लगेच बोलायचं नाही अशी तिची सवय आहे. रिक्षा घराजवळ आली तेव्हा तिने विचारलं, "मीठ डब्यात परत ओतू, की त्या पायालाही तेच चालेल?"

आता मुळात हा गुडघा गेला कसा, ते सांगायला हवं. त्यातही माझा वाटा मोठा आहे.

मी खो-खो खेळतो. खेळायचो म्हटलं तर बरं दिसेल, पण खेळतो. लहानपणी नारायण पेठेत शाळा सुटली की दप्तर पायरीवर टाकून खेळत असे. लग्नानंतर कर्वेनगरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट घेतला, तर तिथे एका शाळेमागच्या मैदानावर आमच्यासारख्यांचं एक मंडळ निघालं. रोज सकाळी सहाला जमणारे दहा-पंधरा जण. शिकवायला निवृत्त झालेले एक पीटीचे सर, वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून शाळेच्या मैदानाएवढा. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती, ती राखीव म्हणून. तीन सामने मी गड्यांच्या चपला सांभाळल्या.

मंडळाची वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दसऱ्याचा सामना. लग्न झालेले विरुद्ध न झालेले. वर्षभरात कुणाचं लग्न झालं असेल तर सामन्याआधी तो मैदानाची मधली पट्टी ओलांडून आमच्या बाजूला येतो, पलीकडचे त्याला निरोपाच्या टाळ्या देतात आणि आम्ही सांत्वनाच्या. आमचं सीमोल्लंघन ते एवढंच. लग्न झालेले दर वर्षी हरतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण पुढच्या वर्षी जिंकू असं दर वर्षी वाटतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी सगळं पुणं आपापल्या हत्यारांची पूजा करतं. मी भोसरीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. तिथे लेथला, क्रेनला, ट्रकला हार पडत. त्या वर्षी स्टोअरमध्ये नवा संगणक आला होता, तर त्याच्याही डोक्यावर झेंडू चढला आणि कुणीतरी की-बोर्डाला हळदकुंकू वाहिलं. पुढे आठवडाभर 'ए' उमटत नव्हता. मंडळात आम्ही मैदानाच्या दोन टोकांच्या दोन खांबांची पूजा करतो. हार करायचं काम मी मागून घेतलं होतं. चांगला मनगटाएवढा जाड हार केला. सर म्हणाले, संध्याकाळी काढून टाक. मी म्हणालो, राहू दे, उद्या सामन्याला शोभा येईल.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच मिनिटाला मी एका गड्याचा पाठलाग करत खांबाशी पोचलो. अशा वेळी खांब एका हाताने पकडायचा, आतल्या पायावर सगळं वजन द्यायचं आणि फिरकी घेऊन पलीकडे निघायचं. मी डावा हात टाकला. हाताला लाकूड लागायच्या ऐवजी झेंडू लागला. गाठ सुटली. डावा पाय पाकळ्यांवर पडला. मी सगळाच्या सगळा वळलो, गुडघा तेवढा वळला नाही. काहीतरी तुटल्याचा आवाज आला, तो पलीकडच्या खांबाजवळच्यांनीही ऐकला म्हणतात. मी जमिनीवर, आणि हातात हार. लांबून बघणाऱ्यांना माझा सत्कार झाला असं वाटलं असेल.

अस्थिबंध अर्धवट फाटला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय भागेल. चाला, पोहा, सायकल चालवा. खो-खो विसरा.

मी विचारलं, कायमचं? त्यांनी विचारलं, कामाला कुठे आहात. स्टोअरमध्ये, म्हटलं. "मग गुडघ्याचं तसं काम नाही," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते वाक्य मला लागलं, आणि ते वर्षच असं होतं की ते वाक्य मला जागोजागी भेटत होतं. सोसायटीतल्या एकांनी हास्यक्लबाला चला म्हणून आग्रह केला, तिथे म्हणे फक्त उभं राहायचं असतं. दुसऱ्यांनी कसलं तरी तेल आणून दिलं. कारखान्यात चाळिशीपुढच्या लोकांना साहेब अचानक फार अदबीने वागवायला लागले होते. खुर्ची देत, चहा सांगत आणि संगणकापासून लांब बसवत. जो तो मला सांभाळून घ्यायला टपलेला. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या प्रकृतीची एवढी चौकशी कधी झाली नव्हती.

बायकोने चौकशी केली नाही. तिने एकच प्रश्न विचारला. मी जाहीर केलं होतं, की पुढच्या दसऱ्याला मी खेळणार.

"कशासाठी?"

मी म्हटलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत पाय बरा होईल.

"ते कधी, हे झालं. मी कशासाठी, ते विचारलं."

तब्येतीसाठी म्हणावं तर पोहणं होतं. नावासाठी म्हणावं तर चपला सांभाळणाऱ्याचं नाव काय असणार. मग जे तोंडात आलं ते बोललो. "थांबायचं असेल तेव्हा मी थांबेन. झेंडूच्या हाराने मला थांबवलेलं चालणार नाही."

ती म्हणाली, बरं. तिच्या बरंचे चार प्रकार आहेत. हा कुठला ते मला तेव्हा कळलं नाही.

मग मीठ डाव्या पायाला बांधलं. आता मात्र दुखायचं. मांडी थरथरायची, घाम यायचा. मिठाची एक पिशवी झाली, दोन झाल्या. जिने झाले. एका पायावर उभं राहून दात घासणं झालं, त्यात एक आरसा गेला. उन्हाळा लागेपर्यंत दोन्ही मांड्या टेपवर सारख्या भरल्या. फिजिओथेरपिस्ट मुलीने मला एका पायावर उड्या मारायला लावल्या, पाटावरून खाली उतरायला लावलं, गुडघा चहूबाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाली, "काका, माझं काम संपलं. गुडघा तयार आहे. आता जे उरलंय ते माझ्याकडे मिळत नाही."

काय उरलंय ते मला बसमध्ये कळलं. आयुष्यभर मी चालत्या बसमधून उतरत आलो होतो. बस थांब्याजवळ हळू झाली की डावा पाय रस्त्यावर टाकायचा, दोन पावलं धावायचं, झालं. त्या दिवशी मी पायरीवर उभा राहिलो, दांडी धरली, आणि डावा पाय खाली जाईना. जाईना म्हणजे जाईनाच. मी त्याला मनात दोन-चार शब्द सुनावले, पण तो जागचा हलला नाही. बस पूर्ण थांबली. मागचे लोक खोळंबले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतरा आजोबा, सावकाश. आम्हाला कुठे घाई आहे."

आजोबा. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती.

त्या रागात मी दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. सरांनी मला पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, बस. आमच्या खेळात पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ जण मधल्या पट्टीवर चौकोनात बसतात, एक या बाजूला तोंड करून, पुढचा त्या बाजूला. धावणारा मागून येऊन पाठीवर थाप देतो, खो म्हणतो, की उठून धावायचं. सरांनी मला दोन आठवडे नुसतं बसवलं. मला खो द्यायचा नाही अशी सगळ्यांना ताकीद. मी गुडघे दुमडून, बोटं जमिनीला टेकवून उकिडवा बसायचो आणि माझ्या दोन्ही अंगांनी खेळ वाहायचा. मला वाटायचं हा अपमान आहे. नंतर कळलं, उकिडवं बसून उठायची ताकद त्यांनी अशी परत आणली.

मग मी उठायला लागलो, धावायला लागलो. पहिल्या दिवशी एक गडी बाद केला तेव्हा घरी जाताना जिलब्या घेतल्या. बायको म्हणाली, कोण होता. मी म्हटलं, गडी. तो बँकेतून निवृत्त झालेला गडी होता हे सांगायची काही गरज नव्हती.

सगळं ठीक चाललं आहे असं मला जूनपर्यंत वाटत होतं.

आमच्यात अविवाहितांच्या बाजूने एक मुलगा नवा आला होता. अमरावतीकडचा. कर्वेनगरात तिघांत मिळून खोली घेऊन राहायचा आणि संगणकाच्या कंपनीत कामाला होता. सहस्रक संपायला आलं होतं आणि जगातल्या सगळ्या संगणकांतल्या सालाचे दोन आकडे बदलून चार करायचे होते, ते हा करत होता. त्याला मिळणारा पगार ऐकून आमच्या गटातल्या दोघांनी त्या दिवशी धावणं लवकर आटपलं. पण पोरगं विलक्षण पळायचं. हात लावायला जावं तर तिथे नुसती हवा असायची.

एका सकाळी पाणी पिताना तो माझ्याजवळ आला. "काकाजी, राग नका मानू. तुम्ही उठले की उजवीकडेच वळता."

मी म्हटलं, असं काही नाही.

"आहे न. मी महिनाभर पाहून राहिलो. तुम्हाला खो भेटला की मी तुमच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहतो, अन् दम खातो. तेवढीच सुट्टी भेटते मला."

आमच्या खेळाचा नियम असा आहे की उठताना खांदा एकदा ज्या बाजूला वळला, त्या बाजूच्या खांबापर्यंत जावंच लागतं. मध्ये फिरता येत नाही. म्हणजे मी उजवीकडे वळलो की डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला खरंच सुट्टी. आणि उजवीकडे गेलं की पुढचे सगळे खांब उजव्या हाताने धरायचे, उजव्या पायावर फिरायचे. डाव्याला काही कामच नाही. मी कधी ठरवलं नव्हतं. पण तीन महिने मी एका पायाचा खेळाडू म्हणून खेळत होतो आणि ते मला सोडून सगळ्या मैदानाला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला त्या पोराच्या आगाऊपणाबद्दल सांगितलं. ती शाळा उघडल्याबरोबर घेतलेल्या चाचणीचे पेपर तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, तो खोटं बोलतोय का. मी म्हटलं, खोटं नाही, पण उजवीकडून फिरायला कारण आहे. देवाला प्रदक्षिणा घालतो तशीच ती दिशा आहे, खांब उजव्या हाताला राहतो. आपण खांबांची पूजा करतो, तर त्यांना उलटी प्रदक्षिणा कशाला.

तिने लाल पेन खाली ठेवलं. "अहो, तो व्यायामाचा कागद मी पाहिला होता. चित्राच्या खाली त्या मुलीने पेनाने 'डावा' लिहिलं होतं. एवढं मोठं. तीन आठवडे तुम्हाला ते दिसलं नाही?"

आता खरं सांगायचं तर दिसलं होतं. चिवड्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत हा भाग नसतो. पहिल्या सकाळी मी डावाच पाय उचलला होता. एकदा. वीतभर वर गेला असेल, आत कुठेतरी खेचल्यासारखं झालं आणि त्या दिवशीचा तो आवाज पुन्हा कानात आला. पाय मी इतका अलगद खाली ठेवला की जणू तो दुसऱ्याचा होता. मग कागदाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि मला तो उजवा वाटायला लागला. इतका मनापासून वाटला की मला स्वतःला संशयसुद्धा आला नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "ती चूक नव्हती तुमची. चूक असती तर एखाद्या दिवशी तरी बरोबर झाली असती." आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच मैदानावर गेलो. सर आधीच आलेले, चुन्याने रेषा आखत होते. मी त्यांना सांगितलं, डाव्या बाजूने भीती वाटते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे सांगायला मला चव्वेचाळिसाव्या वर्षी जितकी लाज वाटली तितकी दहाव्या वर्षी वाटली नसती.

सर म्हणाले, "खांब डाव्या हाताने धर आणि चाल. एकवीस फेऱ्या. धावायचं नाही."

"सर, उलटी प्रदक्षिणा होते."

"अरे, लाकूड आहे ते. नवमीपुरता आपण त्याला देव करतो. आणि देव असता तर तुझ्या हाताला हार देऊन बाजूला झाला नसता."

तर रोज पहाटे एकवीस फेऱ्या. पहिले काही दिवस मी खांब असा आवळून धरायचो की तळव्याची सालं निघाली. मग सर म्हणाले, चारच बोटं लाव. मग दोन. मग नुसता हात जवळ ने, लावू नकोस. पाय तोच, खांब तोच. बोटं जसजशी सुटत गेली तसतशी छातीतली धडधड वाढायची आणि मग कधीतरी कंटाळून कमी व्हायची. भीतीचा मला एवढाच गुण कळला, की तिला रोज त्याच वेळी, त्याच जागी बोलावलं तर ती हळूहळू उशिरा यायला लागते.

पाऊस जोरात लागला आणि मैदानाचा चिखल झाला. मी फेऱ्या थांबवल्या नाहीत. आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये मधोमध एक गोल खांब आहे. मी त्याच्याभोवती सुरू केलं. आता चालणं सोडून पळणं आलं होतं, म्हणून बुटांचा आवाज व्हायचा. आठवडाभराने दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या बायकोला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्या मिस्टरांचा काही नवस आहे का?" बायको म्हणाली, असेल. "पण उलट्या का हो घालतात?" बायको म्हणाली, त्यांचं सगळं तसंच असतं. त्या श्रावणात एका सोमवारी मी खाली गेलो तर खांबाच्या पायथ्याशी कुणीतरी दोन जास्वंदी वाहिल्या होत्या. मी त्या उचलून कठड्यावर ठेवल्या. फुलांच्या बाबतीत मी आता सावध झालो होतो.

पण मैदान कोरडं झालं आणि खेळ सुरू झाला, तेव्हा मी पुन्हा उजवीकडेच वळलो. खांबाभोवती एकट्याने फिरणं वेगळं आणि पाठीवर थाप पडल्यावर त्या अर्ध्या क्षणात खांदा कुठे वळतो ते वेगळं. तो अर्धा क्षण माझ्या ताब्यात नव्हता. घटस्थापना झाली, माळा चढायला लागल्या, तरी नव्हता. अमरावतीचा मुलगा माझ्या डाव्या अंगाला उभा राहून आरामात दम खात होता. मला तर वाटतं तो तिथे उभा राहून कामाचाही विचार करत असावा.

खंडेनवमीला हार मीच केला. बारीक. संध्याकाळी मीच काढला आणि खांब कोरड्या फडक्याने दोनदा पुसला.

दसऱ्याला बायको आली. वीस वर्षांत पहिल्यांदा. शाळेच्या पायरीवर बसली, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी पेपर? ती म्हणाली, मग एवढा वेळ काय करू.

पहिला डाव आम्ही पळालो आणि लवकर संपलो, त्यावर काही लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या डावात आम्ही बसलो. मी सहाव्या चौकोनात. चौथ्या मिनिटाला अमरावतीचा मुलगा आत आला. मला पहिला खो मिळाला आणि मी उजवीकडे गेलो. दुसरा मिळाला, उजवीकडे. पायरीवर बायकोने पान उलटलेलं मला दिसलं, म्हणजे मी कुठे बघत होतो ते लक्षात घ्या.

तिसऱ्या खोला पाठीवर थाप पडली तेव्हा मी मान उचलली. तो माझ्या डाव्या बाजूला, चार हातांवर उभा होता. दोन्ही हात कमरेवर. तोंड दुसरीकडे. बसथांब्यावर उभं राहावं तसा.

लोक अशा वेळी धैर्य वगैरे म्हणतात. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मला फक्त भयंकर राग आला. त्या कमरेवरच्या हातांचा, कंडक्टरच्या 'आजोबा'चा, साहेबांच्या चहाचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा जो तीन आठवडे दुसराच पाय उचलत बसला होता. खांदा डावीकडे गेला. तो गेला, मग मला कळलं.

पोरगं दचकलं. दचकून पळालं, तेही सरळ खांबाच्या दिशेने. मी मागे. खांब आला. डावा हात टाकला, हाताला लाकूड लागलं, सालं निघालेल्या हाताच्या ओळखीचं लाकूड. सगळं वजन डाव्यावर दिलं. एक क्षण तिथे गुडघा आहे की नाही तेच समजेना, कारण तो दुखलाच नाही. आणि मी पलीकडे होतो.

माझी बोटं त्याच्या पाठीपासून वीतभर लांब राहिली. पुढे तो सुटला. मी पहिल्या बसलेल्या गड्याला खो दिला, त्याने पुढे दिला आणि तिसऱ्याने त्या मुलाला बाद केलं, कारण त्याला दम खायला मिळाला नव्हता. गुण त्या तिसऱ्याच्या नावावर लागला. माझ्या नावावर कागदोपत्री काही नाही. त्यानंतर मी आणखी दोनदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेलो, आणि मी कुठे जाणार हे त्यांना कळेना. मला तरी कुठे कळत होतं. आम्ही तीन गुणांनी हरलो. लग्न झालेले दर वर्षी हरतात. पण मी डावीकडून हरलो होतो.

आपट्याची पानं देताना तो मुलगा वाकला आणि म्हणाला, "काकाजी, हे काही बरोबर नाही केलं तुम्ही. माझी हक्काची जागा होती ती." सर लांबून ओरडले, खांब उपटायला कोण येतंय, आणि मी गेलो.

घरी श्रीखंड-पुरी झाली. नंतर मी बाहेरच्या खोलीत पाय लांब करून बसलो. बायको फ्रिजमधला बर्फ नॅपकिनमध्ये बांधून घेऊन आली आणि कोणता दुखतोय म्हणून विचारलं. मी म्हटलं, डावा, थोडासा, विशेष नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. परत आत गेली आणि दुसरा नॅपकिन घेऊन आली.

"दोन्हींवर ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल त्या पायावर माझा अजून विश्वास नाही. आणि पुढच्या नवमीला हार मी करणार. तुम्हाला गाठ मारता येत नाही."